इतर कपात

पाऊण वाजला असेल. बाराला सुरू झालेली गुड फ्रायडेची उपासना दुसऱ्या उद्गारावर आली होती. नगरचं एप्रिलमधलं ऊन दगडी भिंतींतून आत मुरत होतं, वरचे पंखे नुसती हवा ढवळत होते आणि पांढऱ्या साड्यांच्या रांगांमधून घडी घातलेल्या उपासनापत्रिकांची फडफड चालली होती. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं, ही आमच्या मंडळीची जुनी रीत. पहिला पाळकसाहेबांचा, बाकीचे सहा मंडळीतल्या लोकांना वाटून दिलेले. दुसऱ्या उद्गारासाठी जे काका उठले त्यांना पाहून शेजारी बसलेल्या आईने मांडीवरचा रुमाल उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. काका आता ऐंशीचे. गुडघ्यावर हात ठेवत ते वेदीच्या दोन पायऱ्या चढले, माईक ठोकून पाहिला आणि लूकच्या शुभवर्तमानातली, शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूने म्हटलेली ओळ वाचली: ‘मी तुला खचीत सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ मग शास्त्र, म्हणजे बायबल, मिटून म्हणाले, “मंडळी, वधस्तंभावरचा तो चोर म्हणजे मीच आहे.”

पुढची दहा मिनिटं त्यांनी साक्ष दिली. तरुणपणी नको ते केलं, काही माणसांना फसवलं, काहींना बुडवलं, तोंड लपवून परमुलखात राहिलो, आजारपणात प्रभू भेटला. शेवटी दोन्ही हात वर करून ते म्हणाले, “प्रभूने माझं सगळं पाप पुसलं. आज माझी पाटी कोरी आहे.” शिक्षकच ते, पाटीच आठवणार. सगळीकडून ‘आमेन’ आलं. मागे कुणीतरी नाक ओढलं. बोलताना त्यांची नजर छताकडे होती, दाराकडे होती, अगदी मागच्या बाकावर झोपलेल्या पोराकडेही होती. खिडकीकडच्या चौथ्या बाकाकडे ती एकदाही आली नाही.

त्या ‘काही माणसां’पैकी आम्ही तिथे बसलो होतो.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, प्राथमिक शाळेत शिक्षक. काका त्याच शाळेत, त्याच मंडळीत. 1991 साली काकांनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून गावाकडच्या विहिरीसाठी कर्ज काढलं आणि दादा जामीन राहिले. दुसरे जामीनदार हेडमास्तर होते, ते वर्षभरातच वारले. विहिरीला साठ फुटांवर काळा खडक लागला, पाणी लागलं नाही. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा काका आलेच नाहीत. मुंबईकडे गेले म्हणे. ऑगस्टपासून दादांच्या पगारातून दरमहा 640 रुपये कापायला सुरुवात झाली. तो पिवळट पातळ कागदाचा पगाराचा तक्ता मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, आणि शेवटून दुसरा रकाना ‘इतर कपात’. आई त्या रकान्यावर बोट ठेवायची, आकडा तोच आहे याची खात्री करून घ्यायची आणि काही न बोलता कागद दादांच्या हातात द्यायची. 72 महिने. 46,080 रुपये.

आकड्यांनी काही कळत नाही. कळतं ते रात्रीच्या पायमशीनच्या आवाजाने. त्या वर्षी आईने गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवायला घेतली. आम्ही झोपलो की पट्टा फिरू लागायचा, मधेच थांबायचा, आई दिव्याखाली सुई धरून दोरा ओवायची, पुन्हा घरघर. मशीनच्या तेलाचा वास अंथरुणापर्यंत यायचा. नाताळात नवे कपडे फक्त धाकट्याला, ताईचं नर्सिंगचं शिक्षण एक वर्ष पुढे, करंज्या होत्या पण मोजून. उपाशी कुणी राहिलं नाही, हे सांगायला हवं. उगाच रडगाणं नको. पण सहा वर्षं आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला ‘बघू’ हे उत्तर होतं आणि त्या ‘बघू’च्या मागे कोण उभं आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

दादा मात्र काकांबद्दल वावगा शब्द काढायचे नाहीत. कुणी कळवळून विषय काढला तर म्हणायचे, “सही मी केली होती. जामीन म्हणजे काय ते सही करताना मला माहीत होतं.” हे काही पूर्ण खरं नव्हतं. बायबलातल्या नीतिसूत्रांत कर्जाला जामीन राहू नकोस म्हणून दोन-तीनदा बजावलंय आणि दादांना नीतिसूत्रं तोंडपाठ होती. तरी सही केली. ते गेल्यावर त्यांचं शास्त्र माझ्याकडे आलं. त्यात इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात एका वाक्याखाली निळ्या शाईची रेघ आहे: येशू हा अधिक चांगल्या कराराचा जामीन झाला आहे. ‘जामीन’ या शब्दाखाली रेघ दोनदा मारलीय.

मराठी ख्रिस्ती माणसाची शब्दसंपत्ती पाहिली तर वाटतं, आपण देवळात बसलोय की पतसंस्थेत? जामीन आहे. ऋण आहे. मनुष्याच्या पुत्राने, म्हणजे येशूने, पुष्कळांसाठी दिलेली खंडणी आहे. आणि तारण, म्हणजे मुक्ती. आमच्या देवळातल्या फलकावर मोठ्या अक्षरात ‘तारण’ लिहिलेलं असतं आणि बाहेर पडलं की समोरच्या इमारतीवर ‘सोनेतारण कर्ज त्वरित मिळेल’. लहानपणी मला दोन्ही पाट्या एकाच संस्थेच्या वाटायच्या. आता वाटतं, तो फार मोठा घोटाळा नव्हता. पापाला कर्ज म्हणायची खोड मूळची येशूच्याच बोलीतली. अरामी भाषेत कर्जाला आणि पापाला एकच शब्द चालतो. म्हणून शुभवर्तमानकार मत्तयाने येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना लिहिताना ‘ऋणे’ लिहिलं आणि लूकने ‘पापे’ लिहिलं, पण त्याच ओळीच्या उत्तरार्धात त्याच्याही हातून ‘ऋणी’ राहून गेलंच. आम्ही देवळात म्हणतो ती मत्तयाची: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडिले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ माफ कर नाही, क्षमाही नाही. सोड. ग्रीकमध्येही क्रियापद हेच आहे, सोडून देणे, जाऊ देणे. पुढे शिष्य झालेले पेत्र आणि अंद्रिया गालील समुद्राच्या काठी जाळी ‘सोडून’ येशूच्या मागे निघाले, तिथे मत्तयाने हेच क्रियापद वापरलंय.

आई ती ओळ म्हणत नसे.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी अकरावी-बारावीत असेन. तिचा आवाज खणखणीत, पहिल्या शब्दापासून मंडळीच्या अर्धा पाऊल पुढे धावणारा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथपर्यंत यायचा आणि विहिरीत दगड पडावा तसा नाहीसा व्हायचा. ‘आणि आम्हांस परीक्षेत आणू नको’ला पुन्हा वर. आधी मला वाटलं, तिला खोकला येत असेल. मग दर रविवारी कान देऊन ऐकू लागलो. एकदा घरी येताना विचारलं, तर म्हणाली, “नीट वाच ते. ‘जसे आम्ही सोडिले आहे’ म्हणतंय. मी सोडलेलं नाही. देवासमोर उभं राहून खोटं बोलू का?” दादा दोन पावलं पुढे चालत होते. त्यांनी ऐकलं असणार. त्यांची चाल बदलली नाही.

आमच्या शेजारच्या मावशी आईला जास्त पटायच्या. मावशींचं तत्त्वज्ञान सोपं होतं: “फेडील गं, इथंच फेडील, याच जन्मी.” कोण, कधी, कसं, याची त्यांना चिंता नव्हती, खातं कुठेतरी चालू आहे याची खात्री होती. आई चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवत मान डोलवायची. दर रविवारी ‘सोड’ आणि दर सोमवारी ‘फेडील’, अशा दोन शब्दांच्या मधल्या जागेत मी वाढलो. आजही मला नक्की सांगता येत नाही की माझ्या आत खोलवर कोणता शब्द आहे. मुंबईहून कधी बातमी आली की काकांचा मुलगा नापास झाला, तर घरात कुणी काही बोलायचं नाही, पण त्या दिवशी मशीन जरा हलक्या पायाने चालायचं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं.

उपदेशांत निर्दयी चाकराचा दृष्टान्त दर दोन वर्षांनी यायचा. राजाने एकाला दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, आणि तोच बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरतो. उपदेशक हमखास म्हणायचे, “शंभर दिनार! क्षुल्लक रक्कम!” एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची कमाई. ती क्षुल्लक म्हणणाऱ्याच्या पगारातून कधी काही कापलं गेलेलं नसावं. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिनार, ही रक्कम अर्थात कुणाच्याच आवाक्यातली नाही. येशूने मुद्दाम अशक्य आकडा सांगितला. पण खालचा आकडा त्याने अगदी शक्य ठेवला. दुखेल इतका. मी एकदा हिशेब केला होता, आमचं येणं दादांच्या तेव्हाच्या जवळजवळ दीड वर्षाच्या पगाराइतकं होतं, म्हणजे त्या चाकराच्या येण्याच्या चौपटीहून जास्त. पेत्राने किती वेळा क्षमा करू म्हणून विचारलं आणि साताच्या सत्तर वेळा हे उत्तर मिळालं, त्याच बैठकीत हा दृष्टान्त आहे. पेत्राला कुणी किती बुडवलं होतं, ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

प्रार्थनासभेत आई असे प्रश्न विचारायची की पाळकसाहेबांची पंचाईत व्हायची. कफर्णहूमातली ती गोष्ट, चौघांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उकरून खाली सोडलं आणि येशू त्याला म्हणाला, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. शास्त्री कुरकुरले, देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? सगळा उपदेश त्या कुरकुरीवर झाला. शेवटी आईने हात वर केला. “आणि छपराचं काय झालं?” पाळकसाहेबांना कळेना. “घर कुणाचं तरी असेल ना. त्याचं छप्पर कुणी नीट करून दिलं?” सगळे हसले. आईही हसली, पण ती उत्तराची वाट पाहत होती. शास्त्र्यांचा प्रश्न होता की माणूस कसा क्षमा करू शकतो. आईचा उलटा. ज्याचं नुकसान झालं त्याला न विचारता देव कसा करू शकतो?

पुण्याला आमच्या ऑफिसात वसईची एक सहकारी आहे, कॅथलिक. तिला मी एकदा जेवणाच्या सुट्टीत हे सगळं सांगितलं, छपरासकट. आम्हा प्रोटेस्टंटांकडे पापांगीकार सगळ्यांनी मिळून, छापील शब्दांत होतो. आपलं पाप त्या सामुदायिक पुटपुटण्यात विरघळून जातं. त्यांच्याकडे जाळीच्या खिडकीशी गुडघे टेकून, एकट्याने, मोठ्याने सांगावं लागतं. ती म्हणाली, “सांगितलं की सुटला, असं नाही हं.” तिच्या आजोबांनी भावाच्या वाडीचा बांध दरवर्षी इंचाइंचाने कोरत दोन फूट आत नेला होता. म्हातारपणी कन्फेशनला गेले आणि सांगून टाकलं. फादर म्हणाले, प्रार्थना सांगतो त्या म्हणाच, पण आधी बांध होता तिथे न्या. आजोबांनी स्वतःच ही हकीकत नातवंडांना सांगितली होती, हसत. पावसाच्या तोंडावर दोन गडी लावून त्यांनी बांध हलवला. भावाने ओसरीवरून पाहिलं, काही विचारलं नाही, दुपारी गड्यांना ताक पाठवलं. मला त्या ताकाचा हेवा वाटला. जकातदार जक्कयाची गोष्ट आम्हीही वाचतो की. तो उंबराच्या झाडावरून उतरला आणि म्हणाला, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. मग येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. रविवारच्या शाळेत आम्हाला जक्कय बुटका होता हे शिकवलं, अभिनयगीतात झाडावर चढवलं, चौपटीच्या ओळीला मात्र कधी हावभाव नव्हते.

तिनेच मला राणी मारियाबद्दल सांगितलं. केरळमधली ही धर्मभगिनी मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात काम करायची. गरीब शेतकऱ्यांना सावकाराच्या वहीतून सोडवायची, बँकेचं कर्ज मिळवून द्यायची. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, तिला भोसकून मारलं. मारणारा जन्मठेपेवर गेला. तिची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही धर्मभगिनी, तुरुंगात त्याला भेटायला गेली आणि 2002 साली तिने त्याच्या हातात राखी बांधली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, 2006 साली तो सुटला, पुढे केरळला जाऊन राणी मारियाच्या आईला भेटला. त्या माउलीने त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. 2017 साली इंदूरला राणी मारियाला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. मी हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती म्हणेल, ती संत माणसं, आपलं काय. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ती बहीण स्वतःच्या पायांनी तुरुंगात गेली. स्वतःच्या हाताने राखी बांधली. तिला कुणी देवळात उठून सांगितलं नाही, की तू बांधली आहेस असं समज.”

त्या दुपारी काकांच्या साक्षीनंतर मला नेमकं हेच सलत होतं. त्यांचा पश्चात्ताप खोटा होता असं मला अजिबात वाटत नाही. आवाज खरा होता, हात खरोखर थरथरत होते. पण आमच्या वतीने कुणीतरी पावती फाडून दिली होती आणि आम्हाला ते ‘आमेन’च्या आवाजात कळलं. देवाने सोडलं असेल. देवाचं वेगळं येणं असेल. आमच्या 46,080चं काय? येशूनेच सांगितलंय, वेदीपाशी दान आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. काका वेदीपाशी होते. चौथा बाक तिथून बारा पावलं.

तिसरा उद्गार, चौथा उद्गार. मी ऐकत नव्हतो. मनातल्या मनात काकांवर खटला चालवत होतो आणि पुरावे मांडता मांडता एक पुरावा हातात आला, तो माझ्याच विरुद्ध होता.

1994चा जून. बारावीचा निकाल लागला होता, मार्क बरे होते पण सरकारी कॉलेजला पुरेसे नव्हते, आणि खासगीची फी म्हणजे स्वप्नातली गोष्ट. दादा अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसले होते. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब दाबून ते इंचाइंचाने फिरवत होते. मी दारात उभा राहून म्हणालो, “लोकांचे बाप पोरांसाठी कर्ज काढतात. तुम्ही दुसऱ्याच्या कोरड्या विहिरीसाठी फेडताय. तुम्हाला चांगुलपणा मिरवायचा होता, त्याची किंमत आम्ही देतोय.” आणखीही बोललो. ते इथे लिहीत नाही. दादांनी वर पाहिलं नाही. ट्यूब फिरत राहिली, आणि मग पाण्यातून बारीक बुडबुड्यांची एक माळ वर आली. त्यांनी त्या जागी बोट दाबलं आणि म्हणाले, “हे बघ. इथून जातेय.” मी घरात निघून गेलो. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवलेली होती, हवा भरलेली. ती सायकल माझी होती.

त्यानंतर दादा पंधरा वर्षं जगले. या पंधरा वर्षांत किती वेळा वाटलं की आज बोलावं. एसटी स्टँडवर मला सोडायला आले तेव्हा, माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री, नातीला मांडीवर घेऊन बसलेले असताना. दर वेळी स्वतःला सांगायचो, ते विसरले असतील. 2009 साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, दोन दिवस दवाखान्यात होते, वाचा गेली होती. मी त्यांचा हात धरून बसलो होतो आणि तेव्हाही बोललो नाही, कारण खोलीत नर्स होती. हे कारण किती हास्यास्पद आहे ते मला माहीत आहे.

बायबलातल्या दाविद राजाचा मला पूर्वी फार राग यायचा. उरीयाची बायको बथशेबा नेली, उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं, आणि नाथान संदेष्ट्याने जागं केल्यावर 51व्या स्तोत्रात देवाला म्हणतो काय, तर तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं आहे. तुझ्याविरुद्धच? आणि उरीया? वाटायचं, राजा आहे, थेट वरिष्ठांशी बोलून प्रकरण मिटवतोय. पण त्या दिवशी देवळात, पाठीला घाम आणि पोटात उपास, माझ्या डोक्यात दुसरंच काही आलं. उरीया मेलेला होता. त्याच्या दारात जाऊन उभं राहायची सोय दाविदाने स्वतःच्या हाताने बंद केली होती. ज्याचं देणं लागतो तोच उरला नाही, तर माणसाने कुणापुढे उभं राहायचं? मी दादांचं देणं लागतो आणि ते घ्यायला दादा नाहीत. आई ते सोडू शकत नाही, ते तिचं नाही. ताई म्हणेल, वेडा आहेस, दादांनी कधीच मनावर घेतलं नव्हतं. तिला काय माहीत? आणि मग ज्या देवावर मी पाऊण तास चिडलो होतो, आमच्या मालकीच्या कर्जावर परस्पर सही करणाऱ्या त्या देवाकडे, मी गुपचूप तेच मागत होतो. परस्पर सही. सहावा उद्गार ‘पूर्ण झाले आहे’ वाचला गेला तेव्हा मी डोळे मिटून होतो आणि माझा एक डोळा तरीही काकांच्या पाठीवर होता. दोन्ही एकाच वेळी. यातलं कुठलं खोटं आहे ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

उपासना सुटल्यावर दाराशी गर्दी झाली. काका काठी टेकत आमच्या बाजूला आले, बहुधा चुकून, कारण समोर आम्हाला पाहून थबकले. “वहिनी, जय ख्रिस्त.” आई म्हणाली, “जय ख्रिस्त, गुरुजी. गुडघा कसा आहे?” ते म्हणाले, चालायचंच. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “या एकदा घरी.” त्या तीन शब्दांत काय होतं ते मला तेव्हाही कळलं नाही. आमंत्रण होतं, की तगादा.

ते आले. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, नातवाच्या स्कूटरवरून. हातात कापडी पिशवी, पिशवीत घरच्या झाडाच्या सात-आठ कैऱ्या. दादांच्या फोटोखालच्या खुर्चीत बसायचं त्यांनी टाळलं, कॉटच्या कडेला टेकले. हवापाणी झालं. फोटोकडे पाहून म्हणाले, किती वर्षं झाली? मी सांगितलं. मग बराच वेळ त्यांनी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. “वहिनी, मी परवा देवळात जे बोललो...” एवढ्यात आई आतून कप घेऊन आली. “साखर कमी टाकलीय,” ती म्हणाली, “तुम्हाला चालते ना गुरुजी?” ते म्हणाले, चालते. मी आईकडे पाहत होतो. तेहतीस वर्षं ती या वाक्याची वाट पाहत होती असं मला वाटायचं, आणि ते ओठांवर आलं तेव्हा तिने चहा पुढे केला. तिला दया आली? की ते पुरतं ऐकलं असतं तर तिला काहीतरी द्यावं लागलं असतं, आणि ते द्यायची तिची तयारी नव्हती? मी विचारलं नाही. काकांनी बशीत ओतून चहा प्यायला, कप स्वतः उचलून मोरीपाशी ठेवला, त्या गुडघ्यांनी, आणि निघाले. दारात वळून एकदा फोटोकडे हात जोडले.

स्कूटर गल्लीतून वळली तशी आईने पिशवी उलटी करून कैऱ्या ताटात काढल्या. एक दाबून पाहिली. “हे व्याज समजायचं का?” तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की नाही ते सांगता येणार नाही. ती विळीकडे वळली होती.

दुपारी मी निघायची तयारी करत होतो तेव्हा तिने कपाटाच्या खालच्या खणातून एक वही आणून माझ्या बॅगेवर ठेवली. शंभर पानी, किराणा लिहायची. मागच्या पानापासून उलटी सुरू केलेली. ऑगस्ट 92, 640. सप्टेंबर 92, 640. पेन्सिलीने, तिच्या गोल अक्षरात, महिन्याला एक ओळ. कुठे शेजारी ‘फी राहिली’, कुठे ‘मशीनचा पट्टा’. एका ठिकाणी नुसतं ‘पाऊस’. जुलै 98 खाली रेघ आणि बेरीज. बेरजेच्या खाली निळ्या शाईत, दादांच्या तिरप्या अक्षरात एकच शब्द: ‘फिटले.’ म्हणजे वही त्यांना माहीत होती. कुणाचं फिटलं, कुणी फेडलं, काही नाही. शाई थोडी पुढच्या पानावर उमटली होती, ते पान कोरं होतं.

“याचं काय करू?” मी विचारलं.

“तुझं तू बघ,” आई म्हणाली. “मला आता ठेवायची नाही.”

वही मी पुण्याला आणली. कैऱ्यांचं लोणचंही आणलं, ते महिनाभरात मुरलं आणि संपत आलं. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. गॅसचं सिलेंडर आलं नाही, ताईच्या पोराचा ताप उतरला, पाळकसाहेबांची बदली होणार असं ऐकलंय. मग मधेच, जरा आवाज उतरवून, “ती वही टाकून नाही ना दिलीस?”

“नाही,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि पुन्हा सिलेंडरवर आली.